लपवून बाळगायचं छोटं पिस्तूल कसं निवडावं: आधी काय, नंतर काय

परवाना हातात पडला की बहुतेक जण थेट दुकानात जातात आणि काउंटरवर मांडलेल्यांतलं सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं पिस्तूल उचलतात. लपवूनच बाळगायचंय, तर जितकं छोटं तितकं बरं, असा त्यामागचा हिशेब असतो. काही महिन्यांत तेच पिस्तूल कपाटात जाऊन बसतं. गोळी झाडली की तळहात झणझणतो, करंगळी मुठीवर मावत नाही, नेम लागत नाही, म्हणून सराव बंद पडतो. आणि सराव नसलेल्या माणसाच्या कमरेला भरलेलं पिस्तूल असणं हा आसपासच्या सगळ्यांनाच धोका आहे.

चूक पिस्तुलात नसते, क्रमात असते. आधी कायदा, मग तुमचा दिवस आणि तुमचे कपडे, मग तुमचा हात, आणि त्यानंतर पिस्तूल. खाली त्याच क्रमानं सगळं मांडलंय. ज्यांच्याकडे कायदेशीर परवाना आहे किंवा जे रीतसर तो मिळवताहेत, त्यांच्यासाठीच हे लिहिलंय.

## सुरुवात करण्यापूर्वी

चार नियम अंगवळणी पडलेले नसतील तर पुढचं काहीही वाचून उपयोग नाही.

- प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून हाताळा. आत्ताच तपासलेलं असलं तरी.
- ज्याला इजा होऊ नये अशा कशाकडेही नळीचं तोंड वळवू नका. यात तुमचा स्वतःचा डावा हात आणि मांडीही आली.
- नेम धरून गोळी झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर जाणार नाही. ते बाहेर, चौकटीला लागून सरळ.
- लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही माहीत असल्याशिवाय गोळी नाही.

यासोबत प्रमाणित प्रशिक्षकाकडचं किमान एक मूलभूत प्रशिक्षण खरेदीच्या आधी पुरं करा. तिथे दोन-चार प्रकारची पिस्तुलं हातात येतात आणि दुकानात काय विचारायचं ते कळतं. कानांसाठी मफ किंवा प्लग आणि डोळ्यांसाठी सुरक्षा चष्मा लागेल. पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि १४० डेसिबलच्या पुढचा एकच धमाकाही ऐकण्याची कायमची हानी करू शकतो. नेमबाजीच्या बंद रेंजवर शक्यतो प्लग आणि मफ दोन्ही वापरा.

## टप्पा १: कायदा काय म्हणतो ते लेखी तपासा

पिस्तूल घरात ठेवण्याची परवानगी, ते सोबत बाळगण्याची परवानगी आणि कपड्याखाली लपवून बाळगण्याची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक मिळाली म्हणजे बाकीच्या आपोआप मिळाल्या असं अजिबात धरू नका. तुमच्या भागात खालच्या गोष्टी कशा आहेत, ते परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून नक्की करून घ्या:

1. कोणतं कॅलिबर, म्हणजे गोळीच्या जाडीचं माप, नागरिकांना चालतं. काही देशांत ९ मिमी हे लष्करी कॅलिबर म्हणून सामान्य माणसाला बंद आहे.
2. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या कप्प्यात, किती गोळ्या चालतात. काही ठिकाणी १० ची मर्यादा आहे.
3. कोणत्या प्रकारची काडतुसं चालतात. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली आणि लागल्यावर उमलणारी, सगळीकडे मोकळी नाहीत.
4. कुठे नेता येत नाही. शाळा, न्यायालय, विमानतळ, मतदान केंद्र, दारू मिळते अशी जागा यांबाबत बहुतेक ठिकाणी स्वतंत्र नियम असतात.
5. परवाना कुठल्या हद्दीपर्यंत चालतो आणि हद्द ओलांडायची असेल तर काय करावं लागतं.
6. स्वसंरक्षणात बळाचा वापर कधी कायदेशीर ठरतो.

शेवटचा मुद्दा लोक सगळ्यात कमी वाचतात. पिस्तूल बाहेर काढणं हा स्वतःच अनेक कायद्यांत गंभीर प्रसंग आहे, गोळी झाडली नाही तरी. वकिलाला एकदा बसून विचारा.

तपासा: या सहा उत्तरांपैकी एक जरी ‘बहुधा असंच असेल’ या स्वरूपाचं असेल, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: तुमचा दिवस आणि तुमचे कपडे

आता कागद घ्या आणि एका साध्या दिवसात तुम्ही काय काय करता ते लिहून काढा. किती वेळ बसून, किती वेळ गाडीत, किती वेळा वाकावं लागतं, लहान मूल कडेवर घ्यावं लागतं का, शर्ट खोचलेला असतो की बाहेर. पिस्तूल शरीरावर कुठे राहील हे यावरून ठरतं, आणि कुठे राहील त्यावरून किती मोठं चालेल ते.

कमरेच्या उजव्या बाजूला, थोडं मागे, पँटच्या आत. उभं राहून काम करणाऱ्याला ही जागा सोयीची. पण वाकलात की मूठ शर्टाखालून वर येते, आणि मागून कोणी चिकटून उभं राहिलं तर तुम्हाला दिसत नाही.

पोटाच्या पुढच्या बाजूला, पँटच्या आत. इथे पिस्तूल सगळ्यात चांगलं झाकलं जातं आणि हातही लवकर पोचतो. मात्र नळीचं तोंड जांघेच्या दिशेनं असतं. होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, पिस्तूल परत घालताना झालेली चूक इथे जीवघेणी ठरू शकते, कारण मांडीची मुख्य धमनी तिथूनच जाते. नवशिक्यानं या जागेपासून सुरुवात करू नये, हे माझं ठाम मत आहे. सुट्या कोटाखाली पँटच्या बाहेरचं होल्स्टर त्याला बरं.

खिसा. अगदी छोट्या पिस्तुलालाच जमतं, तेही चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरसह. त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, नाणं नको, रुमालही नको.

पर्स किंवा बॅग. शक्यतो टाळाच. बॅग आपण खुर्चीला अडकवतो, बाजूला ठेवतो, दुसऱ्याच्या हातात देतो. मूल बॅगेत हात घालतं. दुसरा मार्गच नसेल तर पिस्तुलासाठी वेगळा, कुलूपबंद होणारा कप्पा आणि आत टणक होल्स्टर हवं, आणि बॅग अंगावरून उतरवायची नाही.

घोटा. बसून काम असणाऱ्याला चालेल, पण पिस्तूल काढायला वेळ लागतो आणि चालण्यात फरक पडतो.

बेल्टचा मुद्दा इथेच येतो. साधा मऊ बेल्ट पिस्तुलाच्या वजनानं लोंबतो, पिस्तूल बाहेर झुकतं आणि मूठ कपड्यातून उठून दिसते. पिस्तुलासाठी बनवलेला, न पिळणारा जाड बेल्ट घ्या. पिस्तूल मोठं आहे म्हणून दिसतं असं ज्यांना वाटतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचा खरा दोष बेल्टमध्ये असतो.

## टप्पा ३: आकार म्हणजे नेमकं काय

लोक नळीची लांबी बघतात. लपवताना खरी नडते ती मूठ. नळी पँटच्या आत खाली जाते, तिथे दोन-तीन सेंटिमीटर कमी-जास्त झाले तरी फारसा फरक पडत नाही. उलट जरा लांब नळीमुळे पिस्तूल कमरेशी स्थिर राहतं आणि मूठ बाहेर झुकत नाही. बाहेर राहते ती मूठ, आणि वाकलं की तिचाच कोपरा शर्टाला टोचतो. म्हणून तुलना या क्रमानं करा: आधी मुठीची उंची, मग जाडी, मग वजन, आणि शेवटी नळी.

काही ओळखीची मापं डोळ्यांपुढे ठेवा. ग्लॉक १९ ची नळी १०२ मिमी, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, रिकाम्या पिस्तुलाचं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. सिग सॉअर पी३६५ ची नळी ७९ मिमी, मूळ मॅगझिन १० गोळ्यांचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. रुगर एलसीपी त्याहून पुष्कळ लहान, .३८० कॅलिबरचं, वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात. पाच गोळ्यांचं स्मिथ अँड वेसन ६४२ रिव्हॉल्व्हर ४०० ग्रॅमच्या थोडं वर.

हलकं म्हणजे सोयीचं, हे फक्त चालताना खरं. गोळी झाडताना चित्र उलटं होतं. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर ते मागे दुप्पट वेगानं येतं आणि हातावर येणारी ऊर्जाही दुप्पट होते. लहान पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे झाडताना मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, हलकी असते म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक द्यावी लागते, आणि मग ती स्लाइड ओढायलाही जड जाते.

दोन साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं, अंतरही कमी होतं. ते १३० मिमी असेल आणि पुढची साइट जागेवरून फक्त १ मिमी हलली, तर ७ मीटरवर गोळी ५ सेंटिमीटरहून जास्त सरकते. म्हणजे लहान पिस्तूल हे अनुभवी माणसाचं हत्यार आहे, नवशिक्याचं नाही. दुकानातला सल्ला नेमका उलटा मिळतो, विशेषतः बायकांना: ‘तुमच्या हाताला हे छोटं छान.’ असा सल्ला मानू नका. हात लहान असला तर मूठ बारीक हवी, पिस्तूल पिसासारखं हलकं नको.

माझी शिफारस साधी आहे: कपड्याखाली ज्याची मूठ झाकली जाते त्यांतलं सगळ्यात मोठं पिस्तूल घ्या. सगळ्यात छोटं नव्हे.

## टप्पा ४: हातात बसतं का

दुकानात पिस्तूल हातात आलं की पहिलं काम ते रिकामं करणं. विक्रेत्यानं तुमच्यासमोर तपासलेलं असलं तरी स्वतः तपासा. क्रम पक्का लक्षात ठेवा:

1. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर.
2. आधी मॅगझिन बाहेर.
3. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा, आणि मागेच अडकवून ठेवा.
4. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे, डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. मॅगझिनची जागाही रिकामी आहे ना ते बघा.

सावधान: क्रम दोन आणि तीनची अदलाबदल हीच सगळ्यात घातक चूक. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत भरते. मग मॅगझिन काढलं, तरी पिस्तूल भरलेलंच. ‘रिकामं होतं’ म्हणून झालेल्या अपघातांच्या मुळाशी बरेचदा हेच असतं.

आता पकड बघा. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरा, अंगठा आणि तर्जनीच्या मधली खाच मुठीच्या मागच्या वळणात घट्ट बसली पाहिजे. नळी आणि तुमच्या हाताचं हाड एका रेषेत यावं. या पकडीत राहून बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर पोचतो का? पोचण्यासाठी मनगट वळवावं लागत असेल तर पिस्तूल तुमच्यासाठी जाड आहे. उलट बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर बारीक. काही पिस्तुलांना मुठीच्या मागे बदलता येणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या लावून बघा.

करंगळी अधांतरी राहते का बघा. राहत असेल तर बुडाशी थोडी लांब पट्टी असलेलं मॅगझिन मिळतं. पण त्यानं मुठीची उंची वाढते, तेव्हा टप्पा ३ पुन्हा लावा.

यानंतर स्लाइड. अनेकांना ती ओढता येत नाही, कारण ते पिस्तूल स्थिर धरून दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड मागे खेचतात. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोरच, दुसऱ्या हाताचा पूर्ण तळवा स्लाइडवर वरून टाका, आणि स्लाइड घट्ट धरून पिस्तूल पुढे ढकला. पूर्ण मागे गेली की सोडून द्या. हातानं पुढे सोबत करत नेऊ नका, त्यानं गोळी नीट भरत नाही. या पद्धतीनंही सलग काही वेळा जमत नसेल, तर ते पिस्तूल बाजूला ठेवा. स्मिथ अँड वेसनच्या ‘ईझी’ मालिकेसारखी, मुद्दाम हलक्या स्लाइडची पिस्तुलं असतात, ती बघा.

डावखुऱ्यांनी मॅगझिन सोडायचं बटण बाजू बदलून लावता येतं का, आणि सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, दोन्ही बाजूंना आहे का, ते विचारा.

तपासा: मॅगझिन सोडण्याचं बटण पकड न मोडता अंगठ्यानं दाबता आलं पाहिजे. आणि पकड घट्ट केली असता ते चुकून दाबलं जाता कामा नये.

## टप्पा ५: चाप, सेफ्टी आणि रिव्हॉल्व्हरचा प्रश्न

आजची बहुतेक छोटी पिस्तुलं स्ट्रायकर पद्धतीची, म्हणजे बाहेर घोडा नसलेली. प्रत्येक वेळी चाप सारखाच ओढावा लागतो, साधारण अडीच किलोच्या जोरानं. शिकायला सोपी, पण चाप हलका असल्यानं होल्स्टरची गुणवत्ता इथे फार महत्त्वाची.

घोडा असलेल्या काही पिस्तुलांत पहिल्या गोळीला चाप जड लागतो आणि पुढच्या गोळ्यांना हलका. दोन वेगळे चाप शिकावे लागतात. सराव करणार असाल तरच याकडे वळा.

रिव्हॉल्व्हरला स्लाइड नाही, मॅगझिन नाही, मनगट ढिलं पडलं तरी अडकत नाही. ज्यांच्या हातात स्लाइड ओढण्याइतका जोर नाही त्यांना ते सुचवलं जातं. पण चाप पाच किलोच्या पुढे जातो, गोळ्या पाचच, आणि परत भरायला वेळ लागतो. बोटांत जोर नसलेल्या माणसाला स्लाइडचा त्रास वाचवून चापाचा त्रास दिल्यासारखं होतं. दोन्ही रिकाम्या स्थितीत वापरून बघा आणि मगच ठरवा.

हाताची सेफ्टी हवी की नको, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ठेवणार असाल तर प्रत्येक सरावात, प्रत्येक वेळी ती काढायची सवय लावा. अर्धवट सवय नको. आणि एकापेक्षा जास्त पिस्तुलं असतील तर सगळी एकाच पद्धतीची ठेवा.

## टप्पा ६: कॅलिबर

कायदा परवानगी देत असेल आणि हात पेलत असेल तर ९ मिमी, म्हणजे ९×१९. गोळ्या मुबलक मिळतात, पिस्तुलांची निवड मोठी, धक्का आटोक्यात. त्याखाली .३८० एसीपी: धक्का सहसा कमी, पण त्यातली अगदी हलकी पिस्तुलं ९ मिमीच्या मध्यम पिस्तुलापेक्षा हाताला जास्त बोचतात. .३२ आणि .२२ हे ज्यांना त्यापुढचं पेलतच नाही किंवा कायद्यात बसत नाही त्यांच्यासाठी. .२२ च्या काडतुसात दारू पेटवणारं रसायन बुडाच्या कडेत असतं, त्यामुळे ते न पेटण्याचं प्रमाण जास्त. स्वसंरक्षणासाठी हा मोठा तोटा.

मोठ्या कॅलिबरनं कमी नेमबाजीची भरपाई होत नाही. जे कॅलिबर तुम्ही नीट झाडू शकता आणि ज्याच्या गोळ्या सरावाला नियमित परवडतात, ते तुमचं.

सरावासाठी फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूच्या कवचातली गोळी, आणि बाळगण्यासाठी, जिथे कायदेशीर आहे तिथे, हॉलो पॉइंट. कारण माणसांच्या सुरक्षेचंच आहे: जॅकेटची गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची शक्यता जास्त. अमेरिकेच्या एफबीआयच्या चाचणीत गोळी, शरीराच्या जागी वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच जावी अशी अपेक्षा धरली जाते. आखूड नळीतून वेग कमी मिळतो आणि काही हॉलो पॉइंट उमलतच नाहीत. तेव्हा आखूड नळीसाठी बनवलेलं काडतूस निवडा.

सावधान: .३८० म्हणजे ९×१७, मॅकारोव्ह ९×१८ आणि ९ मिमी म्हणजे ९×१९. तिन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. नळीवर कोरलेलं कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरची अक्षरं दर वेळी जुळवा. जास्त दाबाची, ‘प्लस पी’ लिहिलेली काडतुसं पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

## टप्पा ७: रेंजवर झाडून बघितल्याशिवाय खरेदी नाही

यादी दोन-तीन पिस्तुलांवर आली की ती भाड्यानं किंवा ओळखीतून रेंजवर मिळवा. सगळी एकाच दिवशी, एकाच काडतुसानं. क्रम असा:

1. सुरुवात त्यांतल्या मोठ्या पिस्तुलानं. लहानानं केलीत तर हात आधीच बिचकतो आणि पुढचं सगळं मोजमाप बिघडतं.
2. ३ मीटरवर सावकाश पाच गोळ्या. घाई नाही.
3. मग ५, मग ७ मीटर. प्रत्येक अंतरावर पाच.
4. गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका कुठे पडला यापेक्षा किती घट्ट पडला ते आधी बघा. घट्ट पण खाली-डावीकडे म्हणजे उजव्या हाताच्या माणसाची चाप झटकण्याची सवय. ती सुधारते. इतस्ततः विखुरलेलं म्हणजे पिस्तूल हातात बसत नाही.
5. प्रत्येकाचा कागद जपून ठेवा, मागे पिस्तुलाचं नाव लिहा.

बिचकणं ओळखायचा उत्तम उपाय म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी मॅगझिनमध्ये मधेच एक डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस भरायला सांगणं. तुम्हाला कुठल्या नंबरला ते माहीत नाही. डमी आली, ‘टक’ असा आवाज झाला, आणि त्या क्षणी नळीचं तोंड झपकन खाली गेलं, तर तुम्ही धक्क्याची वाट बघत होतात. ज्या पिस्तुलावर हे सगळ्यात कमी होतं, ते यादीत वर.

गोळ्या वारंवार अडकत असतील तर आधी मनगट बघा. हलक्या पिस्तुलात ढिल्या मनगटामुळे स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही. प्रशिक्षकाच्या हातात तेच पिस्तूल नीट चालतं का ते बघा.

सावधान: एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा हलका, ‘फुस्स’ आला, तर थांबा. गोळी नळीतच अडकली असू शकते. दुसरी झाडली तर नळी फुटते. चाप ओढूनही काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मग रिकामं करा.

## टप्पा ८: होल्स्टर

पिस्तुलाइतकाच विचार होल्स्टरचा करा. त्यात काटकसर करू नका. अटी मोजक्या, पण एकही सोडायची नाही:

- चाप आणि त्याच्या भोवतीची कडी पूर्ण झाकलेली, आणि बाहेरून दाबलं तरी आत काही हलत नाही असं टणक.
- पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणारं. मिटलं, तर परत घालताना दुसऱ्या हातानं उघडावं लागतं आणि नळी त्याच हातासमोर येते.
- तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं. ‘सगळ्यांना बसतं’ असं कापडी होल्स्टर घेऊ नका.
- बेल्टला घट्ट धरणारी क्लिप, जी पिस्तुलासोबत बाहेर निघून येत नाही.

चामड्याचं असेल तर अधूनमधून तोंडाची कड तपासा. जुनं चामडं मऊ पडून आत वळतं आणि तीच घडी चापात शिरते.

रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून, गादीवर, ते उलटं धरा आणि हलकेच झटका. पडलं नाही पाहिजे.

पिस्तूल परत घालण्याला घाई कधीच नसते. बोट बाहेर, शर्टाची कड दुसऱ्या हातानं पूर्ण वर, डोळ्यांनी होल्स्टरमध्ये बघा, सावकाश घाला. जरा जरी अडलं तर ढकलू नका. बाहेर काढा, बघा. अंगातल्या जॅकेटच्या ओढायच्या दोऱ्या याच कामी वैरी ठरतात, त्या कापून टाका.

## टप्पा ९: भरवसा तपासा

पिस्तूल घरी आलं, साफ केलं, पुस्तिका वाचली. लगेच कमरेला लावू नका. आधी सरावाच्या काडतुसांच्या २०० गोळ्या रेंजवर झाडा, आणि मग जी काडतुसं बाळगणार त्यांची किमान दोन-तीन मॅगझिन. महाग पडतात म्हणून लोक ही पायरी गाळतात. पण हॉलो पॉइंटचं तोंड बोथट असतं, आणि जॅकेटच्या गोळ्या सुरळीत गिळणारं पिस्तूल नेमकं तिथेच अडू शकतं.

प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाका. अडकलं तर नंबर लिहून ठेवा. अडचण एकाच नंबरवर फिरत असेल तर दोष मॅगझिनचा, ते फक्त सरावाला ठेवा. सगळ्यांवर असेल तर पिस्तूल कंपनीकडे. दुरुस्तीनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून.

## टप्पा १०: आधी रिकामं, मग भरलेलं

पहिले काही दिवस रिकामं पिस्तूल, रिकामं मॅगझिन लावून, घरातल्या घरात बाळगा. बसा, उठा, बूट बांधा, वरच्या फळीवरचं काढा, गाडीचा पट्टा लावा, जिने चढा. कुठे टोचतं, कुठे दिसतं, होल्स्टर सरकतं का ते कळेल. आरशापुढे हात वर करून बघा, आणि घरच्या माणसाला मागून बघायला सांगा. दिवसभर हात तिकडेच जात असेल तर तीही एक गोष्ट सुधारायची आहे: बघणाऱ्याला पिस्तूल दिसत नाही, चाचपणारा हात दिसतो.

स्वच्छतागृहाचा विचार आधीच करून ठेवा. पिस्तूल होल्स्टरमधून काढून कुठेही, टाकीवर, खुंटीला, ठेवायचं नाही. होल्स्टरसकट पँटमध्येच राहू द्या आणि पँट गुडघ्यांपाशी धरा. सार्वजनिक ठिकाणी विसरलेली पिस्तुलं अनेकदा इथे सापडतात.

घरी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचा सराव, करताना गोळ्या त्या खोलीतच नकोत. चार मिनिटांचा सराव संपला की संपला. ‘आणखी एकदाच’ म्हणून भरलेल्या पिस्तुलाचा चाप ओढल्याचे अपघात होतात. .२२ च्या पिस्तुलांवर ड्राय फायर करण्याआधी पुस्तिका बघा, काहींचा पिन खराब होतो.

अंगावर नसलेलं पिस्तूल कुलपात. उशीखाली नाही, ड्रॉवरमध्ये नाही, कपाटाच्या वर नाही. मुलांना जागा माहीत असतात. झटकन उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला किंवा पलंगाला पक्की बसवा.

नियमित करायच्या कामांत एक बारीक गोष्ट आहे. रोज रात्री चेंबर रिकामं करून सकाळी तीच गोळी पुन्हा भरत राहिलात, तर धक्क्यांनी ती काडतुसात आत सरकते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. ती गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून उंची बघा. आखूड झालेली दिसली तर बाजूला काढा, झाडू नका. आणि भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट काढून तिजोरीत ठेवायची सवय लावली, तर रोज रिकामं करायची वेळच येत नाही. अंगाला लागून असलेल्या पिस्तुलात कपड्यांचा कचरा आणि घाम साचतो. महिन्यातून एकदा उघडून, न झाडलेलं असलं तरी, पुसा. साफसफाईनंतर आणि रेंजवरून आल्यावर थंड पाण्यानं साबण लावून हात धुवा. शिसं हातावरून पोटात जातं.